बाळासाहेब खेर : दारूबंदी आणि आरोग्याचा परवाना

६ एप्रिल १९५० रोजी मुंबई राज्य कायद्याने कोरडे झाले. गुत्ते, ताडीची दुकाने, मोठ्या हॉटेलांतले बार यांना एकाच दिवशी टाळे लागले. पाथरी त्या वेळी मुंबई राज्यात नव्हती. परभणी जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव हैदराबाद राज्यात होते. पोलीस कारवाईने निजामी राजवट संपून जेमतेम दीड वर्ष झाले होते. दारू आणि शिंदीचे मक्ते लिलावाने देऊन खजिना भरण्याचा त्या राज्याचा शिरस्ता जुना होता. पाथरीहून गोदावरीच्या काठाने वर वर जात पैठण गाठले, की पलीकडच्या तीरावर नगर जिल्हा, म्हणजेच मुंबई राज्य सुरू होई. मुंबईचा नवा कायदा तिथे नदीच्या पाण्यापाशी येऊन थांबत असे.

या तीरावरून त्या तीराकडे पाहिले असता एक विचित्र गोष्ट दिसली असती. पलीकडे दारू पिणे गुन्हा होता. पण डॉक्टरने तपासून लिहून दिले आणि सरकारी अधिकाऱ्याने शिक्का मारला, तर तीच दारू औषध ठरत होती. व्यसनाने शरीर जखडलेल्या माणसाला तेच द्रव्य कायद्याने द्यायचे की नाही, दिले तर कोणाच्या सहीने आणि किती, हा प्रश्न मराठी मुलखात बहुधा प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. ज्यांच्या सरकारने त्याचे उत्तर कायद्यात लिहिले, ते मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर पेशाने सॉलिसिटर होते.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८चा, रत्नागिरीचा. शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. संस्कृतात त्यांनी पारितोषिक मिळवले आणि ती गोडी जन्मभर टिकली. कायद्याची पदवी घेतल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर फ्रँक बीमन यांच्याकडे ते काम करू लागले. बीमन यांची दृष्टी अधू झाली होती. खटल्यांची कागदपत्रे, पुरावे, जुने निवाडे त्यांना वाचून दाखवणारा आणि त्यांचे म्हणणे टिपून घेणारा माणूस हवा होता, आणि तो खेरांच्या रूपाने मिळाला. न्यायाधीशाच्या मनात शब्दांची पारख कशी होते, हे इतक्या जवळून पाहण्याची संधी त्या वयात फार थोड्यांना मिळते. १९१८ मध्ये ते सॉलिसिटर झाले आणि मणिलाल खेर या पेढीची स्थापना झाली. चांगली चाललेली वकिली मागे ठेवून ते स्वराज्य पक्षात, मग सविनय कायदेभंगात उतरले. १९३० आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेले.

१९३७च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला हेच नाव होते) खेरांकडे आले, ते वादाच्या धुरळ्यातून. मुंबईचे लोकप्रिय पुढारी वीर नरिमन यांचे नाव सर्वांच्या तोंडी होते. निवड खेरांची झाली, तेव्हा नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर उघड आरोप केला. गांधीजी आणि बहादुरजी यांच्या चौकशीत तो टिकला नाही, पण मुंबईच्या पारशी समाजाच्या मनात सल राहून गेला. दोन वर्षांनी दारूबंदी आली, तेव्हा त्या जुन्या सलाचे पुन्हा भान आले असल्यास नवल नाही. मद्य आणि ताडीच्या व्यापारात पारशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती.

अबकारी आणि आरोग्य ही दोन्ही खाती खेरांनी एकाच माणसाकडे दिली होती. डॉ. मंचेरशा गिल्डर हे हृदयविकाराचे नावाजलेले तज्ज्ञ, स्वतः पारशी आणि गांधीजींना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. दारूच्या उत्पन्नाचा हिशेब आणि दारूने पोखरलेल्या शरीराचा हिशेब एकाच टेबलावर यावा, ही योजना मुद्दाम केलेली असो वा योगायोगाने घडलेली, तिचा परिणाम कायद्यावर झाला. जुलै १९३८ मध्ये अहमदाबादेत दारूबंदीचा प्रयोग झाला आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहराची पाळी आली. अबकारीचे बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी शहरी मालमत्तेवर कर बसवला. पारशी समाज दारूबंदीने दुखावला, मुस्लिम घरमालक कराने. सुभाषचंद्र बोसांनीही या योजनेवर जाहीर टीका केली. गिल्डर यांना तर आपल्याच माणसांच्या रोषाला तोंड द्यावे लागले.

युद्धाच्या प्रश्नावर १९३९च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने मुंबईच्या बंदीची अधिसूचना बेकायदा ठरवली. १८७८चा अबकारी कायदा होता महसूल गोळा करण्यासाठी. त्याच्या एका कलमाच्या आधाराने संपूर्ण बंदी उभी करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. सॉलिसिटर असलेल्या पंतप्रधानाच्या सरकारने कायद्याच्या शब्दांवर मार खावा, हे खेरांना लागले असणारच. दुसऱ्या वेळी त्यांच्या सरकारने जुन्या कायद्याला ठिगळ लावले नाही. नवा कायदा लिहिला.

मधल्या वर्षांत खेर पुन्हा तुरुंगात जाऊन आले. गिल्डर यांना गांधीजींच्या १९४३च्या एकवीस दिवसांच्या उपोषणात येरवड्याच्या तुरुंगातून आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या तेव्हाही ते तिथेच स्थानबद्ध होते. कलकत्त्याहून आणवलेले पेनिसिलिन कस्तुरबांना टोचायचे की नाही, यावर त्या घरात झालेला खल प्रसिद्ध आहे. मरणाच्या दारातल्या रोग्याला कोणते द्रव्य द्यायचे याचा निर्णय डॉक्टर, कुटुंब आणि सरकार या तिघांत कसा अडकतो, याचा अनुभव गिल्डर यांनी तिथे घेतला.

खेरांच्या दारूबंदीमागे केवळ गांधीजींचा आदेश होता असे मानणे अन्यायाचे होईल. १९४० मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. जंगलपट्टीत कर्ज, वेठ आणि दारू ही तिन्ही एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दारूचा दुकानदार आणि सावकार यांच्यामध्ये तिथला गरीब माणूस पिळला जात असे. (त्याच वारल्यांनी १९४५ नंतर वेठबिगारीविरुद्ध लाल झेंड्याखाली उठाव केला, तेव्हा खेरांच्याच सरकारने तो कठोरपणे दडपला, हेही विसरता येत नाही.) दारू सुटली तर घरात दाणा राहील, हा त्यांचा विश्वास मनापासूनचा होता. दारू सुटताना माणसाचे काय होते, याचा विचार त्या विश्वासात कमी होता.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या विषयावर वाद झाला. राज्याने मादक पेये आणि द्रव्ये बंद करण्याचा प्रयत्न करावा, हे मार्गदर्शक तत्त्व आज सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात आहे. कोल्हापूरचे प्राध्यापक बा. ह. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने चुरचुरीत भाषण करून बंदीला विरोध केला. जयपालसिंग यांनी आदिवासींच्या तांदळाच्या बिअरचा, त्यांच्या धर्मविधींचा आणि चिखलात लावणी करणाऱ्या हातांचा प्रश्न मांडला. खेर बंदीच्या बाजूने उभे राहिले. अनुच्छेद मंजूर झाला, पण त्यात औषधी प्रयोजनाचा अपवाद होता. पुढचा सारा गुंता त्या अपवादातून निर्माण झाला.

मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९चा. दारू, ताडी, गांजा, भांग, चरस, अफू आणि मोहाची फुलेसुद्धा त्याने आपल्या कक्षेत घेतली. त्यातली वैद्यकीय कलमे आज वाचताना लक्षात येते, की कायदा लिहिणाऱ्यांना डॉक्टरांची गरज होती आणि डॉक्टरांवर भरवसा नव्हता. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी असेल त्यानेच मद्याची चिठ्ठी लिहायची. तीही रुग्णाला काळजीपूर्वक तपासून, त्याच्या ठाऊक असलेल्या आजारात मद्याने खरोखर आराम पडेल अशी प्रामाणिक खात्री झाली तरच. प्यायला वाट मिळावी म्हणून खोटी चिठ्ठी दिली, तर डॉक्टर स्वतःच गुन्हेगार. चिठ्ठीखेरीज परवान्याची सोय होती. ज्याला मद्य न मिळाल्यास त्याच्या प्रकृतीवर गंभीर आणि कायमचा परिणाम होईल, अशा सज्ञान व्यक्तीला परवाना देता येत असे. त्यावर किती युनिटे मिळतील हे ठरलेले असे.

या तरतुदीची त्या काळी पुष्कळ टिंगल झाली. श्रीमंतांना अचानक आजार जडले, फॅमिली डॉक्टरांचा भाव वाढला, असे विनोद मुंबईत रूढ झाले आणि ते निराधार नव्हते. पण तरतुदीच्या मुळाशी एक वैद्यकीय सत्य होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागतात, झोप जाते, फिट्स येतात, भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. अफू सोडताना होणाऱ्या यातना भयंकर असल्या, तरी त्यांत सहसा जीव जात नाही, दारूत जातो. हृदयाच्या रुग्णांत आयुष्य घालवलेल्या गिल्डरांसारख्या डॉक्टरला हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. सरसकट बंदी लिहिणाऱ्या सरकारला अपवादाचे दार ठेवणे भागच होते.

हा पेच एकट्या मुंबईचा नव्हता. अमेरिकेत १९१४च्या हॅरिसन कायद्यानंतर १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला, की व्यसनी माणसाला नुसते सुखात ठेवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणे म्हणजे औषधोपचार नव्हे. त्यानंतर कित्येक डॉक्टरांवर खटले झाले. इंग्लंडने १९२६ मध्ये सर हम्फ्री रोलस्टन यांच्या समितीचा अहवाल मानून नेमका उलटा रस्ता धरला. ज्याचे व्यसन सुटत नाही, पण ठरावीक मात्रा मिळाल्यास जो कामधंदा नीट करू शकतो, त्याला डॉक्टरने ती द्यावी, अशी मोकळीक तिथे मिळाली. मुंबईचा कायदा या दोन टोकांच्या मध्ये अवघडून उभा राहिला. शब्द संशयाचे होते, परवाना सवलतीचा होता. योगायोग असा, की १९५२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडल्यावर खेर भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. रोलस्टनची रीत तिथे अजून चालू होती.

पण मुंबईच्या परवान्याचे खरे अपंगत्व निराळे होते. तो कायद्याच्या भाषेतल्या विदेशी मद्यासाठी होता. व्हिस्की-ब्रँडीवर जगणाऱ्या गृहस्थाचे यकृत आणि मज्जातंतू कायद्याने विचारात घेतले. गिरणीतून सुटून देशी पिणाऱ्या कामगाराचे घेतले नाहीत. दोघांच्या शरीराला सवय सारखीच लागते, थरकाप सारखाच सुटतो. एकाला डॉक्टर, अर्ज, शिक्का आणि बाटली; दुसऱ्याला पोलीस चौकी किंवा हातभट्टी. ठाण्याच्या आदिवासीचा दाणा वाचावा म्हणून केलेल्या कायद्यात त्या आदिवासीला उपयोगी पडेल असे एकही वैद्यकीय दार नव्हते, आणि खेरांच्या कारकिर्दीवरचा हा डाग पुसता येत नाही. मुंबईच्या गल्ल्यांत आंटीचे अड्डे उघडले. एवढ्या काळजीपूर्वक लिहिलेल्या मसुद्यात व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्यासाठी जागा ठेवायचे राहूनच गेले. त्या काळात असे दवाखाने जवळपास नव्हतेच, ही खेरांच्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट.

अफूच्या बाबतीत मात्र वेगळी बुद्धी वापरली गेली. त्यासाठीचा निर्णय दिल्लीत झाला. १९४९च्या अखिल भारतीय अफू परिषदेने ठरवले, की तोंडाने अफू घेण्याची चाल दहा वर्षांत संपवायची. राज्यांना मिळणारा कोटा दर वर्षी एकदशांशाने उतरवत न्यायचा. १ एप्रिल १९५९ नंतर अफू फक्त औषधी आणि शास्त्रीय कामासाठी, आणि वैद्यकीय शिफारशीने नोंद झालेल्या व्यसनी माणसांसाठी. नाव नोंदवायचे, मात्रा ठरवायची, ती पुरवायची, पुढची पिढी त्या नोंदवहीत येऊ द्यायची नाही. म्हाताऱ्या अफूबाजाला त्याच्या गोळीसह शांतपणे मरू देणारा हा मार्ग दारूच्या परवान्यापेक्षा अधिक समंजस होता. त्यात गरीब-श्रीमंत हा भेद निदान कागदावर तरी नव्हता.

दारूबंदी कायद्याला न्यायालयात आव्हान मिळण्यास वेळ लागला नाही. फ्राम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थांनी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कोलन, लव्हेंडर वॉटर हे सारे बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क मागितला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या उच्च न्यायालयाने १९५० मध्ये कायद्याची बरीच कलमे रद्द केली. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतली बहुतेक पुन्हा उभी केली आणि कायदा मूळ रूपात तगला. पण एका मुद्द्यावर सरकार हरले. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावर, विकण्यावर आणि वापरण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. घटनेतल्या औषधी प्रयोजनाच्या अपवादाने पहिला घाव असा घातला.

त्यातून नवेच प्रकरण निघाले. औषध मोकळे झाले, तेव्हा पिणारे औषधाकडे वळले. आल्याचे टिंक्चर पोटदुखीपेक्षा संध्याकाळसाठी अधिक खपू लागले. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत मद्यार्क आपोआपच तयार होतो; द्राक्षासवाची बाटली औषध की दारू, हे कोणी सांगायचे? खेर पायउतार झाल्यावर १९५२च्या दुरुस्तीने त्यासाठी तज्ज्ञांचे मंडळ नेमण्याची तरतूद झाली. एखादे द्रव्य नशेसाठी पिण्याजोगे आहे की नाही, यावर डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ यांनी मत द्यायचे होते.

खेरांना १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पुढच्या वर्षी ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. साधी राहणी, गीतेचे वाचन, बोचरा पण विषारी नसलेला विनोद यांमुळे विरोधकही त्यांच्याविषयी आदराने बोलत. ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुंबईत वांद्र्याच्या पूर्वेला खेरवाडी आणि खेरनगर ही नावे उरली. ती घेणाऱ्यांपैकी किती जणांना दारूबंदीचा मुख्यमंत्री आठवतो, हा प्रश्न वेगळा.

त्यांचा कायदा मात्र टिकला. १९६० मध्ये राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा तो दोघांकडे गेला. गुजरातने बंदी ठेवली आणि तिथे आरोग्य परवान्यासाठी आजही वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागते. महाराष्ट्राने साठच्या दशकात बंदी सैल केली, डॉक्टरची तपासणी गळून पडली; परंतु पिण्याचा परवाना कायद्यात राहिला आणि आरोग्य राखण्यासाठी मद्य लागते, हे त्यावरचे जुने प्रयोजनही राहिले. धडधाकट तरुण दिवसापुरता परवाना घेतो, तेव्हा कागदावर तो रुग्णच असतो.

अफू, हेरॉइन, गांजा यांचे नियंत्रण १९८५च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याकडे गेले. व्यसनी माणसांवर उपचार करणारी केंद्रे सरकारने काढावीत, आणि वैद्यकीय गरज असेल तिथे नोंदणी झालेल्यांना द्रव्य पुरवावे, अशी सोय त्यात आहे. पुढे स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षणही मिळाले. १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. टोचून घेणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली देण्याचा कार्यक्रम २००७-०८ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने हाती घेतला. २०१२ पासून देशात मेथाडोनही आले. रोज केंद्रात यायचे, कर्मचाऱ्यासमोर मात्रा घ्यायची, नोंद करायची. परवाना, मात्रा, देखरेख ही खेरांच्या कायद्यातलीच तीन सूत्रे. फक्त ती आता बाटलीऐवजी रुग्णाभोवती बांधलेली आहेत, आणि केंद्रात येणारा बहुधा गरीब असतो.

पाथरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आली, तेव्हा खेर हयात होते. त्यांच्या सरकारचा कायदा तिथवर पोचायला मात्र १९५९चा विस्तार अधिनियम यावा लागला. अफूवरची देशव्यापी बंदी अमलात आली, तीही त्याच वर्षी.